मंत्र्यांचा दौरा, १६८ ची नोटीस आणि ठाण्यात घालवलेले अकरा तास: यात कायदा नेमका कुठे आहे?

करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले आहे: "प्रस्तावित महामार्गात माझी जमीन जाते. मंत्र्यांच्या कोल्हापूर दौऱ्यात काळे झेंडे दाखवायचे, असे आम्ही गावच्या बैठकीत ठरवले होते. आदल्या दिवशी कलम १६८ ची नोटीस आली. दौऱ्याच्या दिवशी सकाळी सहाला दोन पोलीस घरी आले, 'साहेबांनी बोलावलंय' म्हणून ठाण्यात घेऊन गेले, मोबाईल काढून घेतला आणि संध्याकाळी पाचला सोडले. कागद एकही दिला नाही. 'जिल्ह्यात ३७ लागू आहे, पाच जण जमले तरी गुन्हा होतो' असे सांगितले. हे कायदेशीर आहे का? पुढच्या वेळी आम्ही काय करायचे?"

तुम्ही लिहिले आहे तेवढेच घडले असेल, तर माझ्या मते हे बेकायदेशीर होते. पण एवढे म्हणून तुमच्या हाती काही लागत नाही, कारण खरी अडचण पुढची आहे. तुमचे अकरा तास गेले आणि त्या अकरा तासांचा कागदावर मागमूस नाही. उद्या तक्रार केलीत तर उत्तर येईल, "त्यांना अटक केलीच नव्हती, चर्चेसाठी बोलावले होते, ते स्वखुशीने बसले होते." हक्क काढून घेणारा हुकूम लेखी असेल तर त्याला आव्हान देता येते. तोंडी असेल तर असा हुकूम होता, हेच आधी सिद्ध करत बसावे लागते. संविधानाच्या अनुच्छेद १९ (अभिव्यक्तीचे आणि शांततेने जमण्याचे स्वातंत्र्य) आणि २१ (व्यक्तिस्वातंत्र्य) यांची रोजची झीज सगळ्यात जास्त होते ती या तोंडी कारभारामुळे, असे माझे ठाम मत आहे. नवा कायदा आला की त्यावर निदान वाद तरी होतो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली, मोर्चे निघाले. सकाळी सहाला दारात उभ्या राहिलेल्या दोन पोलिसांची चर्चा मात्र गल्लीच्या बाहेर जात नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पहिली म्हणजे बैठकीत नेमके काय ठरले होते. "काळे झेंडे दाखवू" आणि "ताफा अडवू" यांत कायद्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. झेंडा दाखवणे ही अभिव्यक्ती आहे. रस्ता अडवणे हा गुन्हा होऊ शकतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी रागाच्या भरात "गाडी पुढे जाऊ द्यायची नाही" असे टाकले असेल, तर गोपनीय शाखेच्या अहवालात तेच वाक्य जाते आणि पोलिसांची बाजू बळकट होते. दुसरी गोष्ट, तुमच्यावर आधीचे आंदोलनाचे गुन्हे आहेत का. असले म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही, पण न्यायालय पोलिसांच्या भीतीला थोडे अधिक वजन देते. तिसरी, त्या दिवशी ३७ चा, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचा जमावबंदीचा, आदेश खरोखर अमलात होता का आणि त्यात काय लिहिले होते. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोम तिथेच आहे.

आधी नोटीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४९. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, आशय तोच राहिला. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) घडू नये म्हणून पोलिसांनी मध्ये पडावे आणि आपल्या परीने तो रोखावा, एवढेच हे कलम म्हणते. नोटीस काढण्याचा उल्लेख त्यात नाही. घराबाहेर पडू नका, असा हुकूम देण्याचा अधिकार त्यात नाही आणि नोटीस मोडली म्हणून शिक्षाही त्यात नाही. नोटीस देणे ही पोलीस ठाण्यांची जुनी पद्धत आहे. पुढे काही घडलेच तर "आम्ही आधी समज दिली होती" हे दाखवायला तिचा उपयोग होतो. म्हणूनच तिच्या शेवटी ते ठरलेले वाक्य असते, की सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल.

तरीही नोटीस घ्या. नाकारली तर ती दारावर डकवून पंचनामा होतो आणि तुमची बाजू कागदावर येण्याची संधी जाते. सही करताना पोलिसांकडे राहणाऱ्या प्रतीवर, सहीच्या वर, आपल्या हाताने लिहा: "प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही. लेखी उत्तर देत आहे." खाली तारीख आणि वेळ घाला. त्याच दिवशी चार ओळींचे उत्तर द्या. आमचा निषेध शांततेचा आहे. आम्ही विनाशस्त्र आहोत आणि रस्ता अडवणार नाही. आम्ही अमुक ठिकाणी, रस्त्याच्या कडेला उभे राहणार आहोत. आमच्याकडून कोणता दखलपात्र गुन्हा होईल अशी आपली माहिती आहे, ते लेखी कळवावे. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोलीस अधीक्षकांच्या आणि ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर तेच पत्र पाठवा. ईमेलवर वेळ आपोआप उमटते आणि ती कुणाला बदलता येत नाही. मात्र जे पाळता येणार नाही ते उत्तरात लिहू नका. "रस्ता अडवणार नाही" असे लिहून तुमच्यातलाच एक जण गाडीपुढे गेला, तर तोच कागद तुमच्यावर उलटतो.

आता ते अकरा तास. आंदोलकाला असे उचलताना पोलीस कायद्याचा आधार सांगतात तो बहुधा दोन ठिकाणचा असतो.

एक आधार नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७०, जुने १५१. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी दंडाधिकाऱ्याच्या हुकमावाचून अटक करण्याचा अधिकार यात आहे, पण दोन अटींवर: असा गुन्हा करण्याचा बेत अधिकाऱ्याला माहीत असला पाहिजे, आणि अटकेवाचून तो रोखणे शक्य नाही असे त्याला दिसले पाहिजे. दोन्ही अटी एकाच वेळी हव्यात. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवायला नकार दिला, तो या अटी कलमातच आहेत याच आधारावर. म्हणजे अटी पाळल्या नाहीत तर कलमाचा बचावही उरत नाही. काळा झेंडा दाखवण्याच्या बेतात कोणता दखलपात्र गुन्हा आहे, याचे उत्तर पोलिसांनी द्यायचे आहे. आणि १७० खाली नेले म्हणजे ती अटकच झाली. "नुसते ताब्यात घेतले" असे म्हणून ती सौम्य होत नाही. अटक म्हटली की अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी आणि वकिलाला भेटण्याची मुभा हे सगळे ओघाने आले. अटकेची कारणे सांगणे हा अनुच्छेद २२ चा भाग आहे. ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहिर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत असे सांगितले, आणि हे कोणत्याही गुन्ह्यातल्या अटकेला लागू केले.

दुसरा आधार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची कलमे ६८ आणि ६९, आणि त्यांच्याच वळणाचे नव्या संहितेतले कलम १७२. आंदोलनाच्या बातमीत "ताब्यात घेऊन नंतर सोडून देण्यात आले" असे वाचतो, तेव्हा स्टेशन डायरीत बहुधा ६८-६९ लिहिलेले असते. यात पोलिसाने आधी वाजवी सूचना द्यावी लागते, ती माणसाने धुडकावावी लागते, मगच त्याला हटवता किंवा रोखता येते. आणि रोखण्याचे कारण संपले की सोडावे लागते. सकाळी सहाला तुम्ही घरात होता. तोवर कोणती सूचना धुडकावली होती? रस्त्यावर उभे असताना "मागे सरका" म्हटले आणि तुम्ही सरकला नाहीत, तर हे कलम लागू पडते. माणसाला घरातून उचलायला ते बनवलेले नाही.

उरतो तो "साहेबांनी बोलावलंय" हा प्रकार. त्याला कायद्यात जागाच नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचे तर कलम १७९ खाली लेखी समन्स लागते, संशयित म्हणून बोलवायचे तर कलम ३५(३) ची नोटीस लागते, आणि दोन्हींसाठी आधी तपास चालू असावा लागतो. साक्षीदार स्त्री असेल, साठ वर्षांवरचा पुरुष असेल, दिव्यांग किंवा गंभीर आजारी असेल, तर ठाण्यात यायची सक्तीही करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचे. गावाकडे म्हाताऱ्या माणसांना उठवून नेतात म्हणून हे मुद्दाम लिहितो.

"चोवीस तासांच्या आत सोडले की काही हरकत नाही" हा समज इतका पसरला आहे की वकीलसुद्धा तो बोलून जातात. चोवीस तास ही कायदेशीर अटकेची कमाल मर्यादा आहे. बेकायदेशीर रोखून ठेवण्याला दिलेली ती सवलत नव्हे. मुळात अधिकारच नसेल तर अर्धा तासही जास्तच. आणि तास मोजायचे ते माणसाच्या हालचालीवर बंधन आले त्या क्षणापासून. डायरीत अटकेची वेळ कोणती टाकली यावर ते ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन प्रकरणात हे सांगितले आहे. भीमसिंग प्रकरणात तर जम्मू-काश्मीरच्या एका आमदाराला विधानसभेच्या अधिवेशनाला जाता येऊ नये म्हणून अडकवून ठेवले होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल सरकारला ५०,००० रुपये भरपाई द्यायला लावली. एखाद्याला ठरावीक वेळी ठरावीक जागी पोहोचू द्यायचे नाही म्हणून रोखणे, हा तुमच्याही प्रकरणाचा गाभा आहे.

दारात पोलीस उभे असताना एवढा कायदा आठवत बसायला वेळ नसतो. तेव्हा एकच वाक्य बोला: "मला अटक करताय का? कोणत्या कलमाखाली? लेखी द्या, मी येतो." हुज्जत नको, अंगाला हात लावणे तर मुळीच नको. धक्काबुक्की झाली की सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. घरातल्या कुणीतरी वहीत लिहून घ्यावे: किती वाजता आले, किती जण होते, नावाच्या पट्ट्या, बक्कल नंबर, गाडीचा नंबर, काय शब्द वापरले. घरच्यांनी लगेच अधीक्षकांना ईमेल करावा: "अमुक यांना आज सहा वाजता अमुक ठाण्याच्या पोलिसांनी घरून नेले आहे, कोणत्या कलमाखाली ते कळवावे." हा ईमेल पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण "स्वखुशीने बसले होते" या म्हणण्याला तो त्याच दिवशी, त्याच वेळी छेद देतो. दुपार उलटली तरी पत्ता लागत नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांतांकडे अर्ज करता येतो. बेकायदा कोंडून ठेवलेल्या माणसाच्या शोधाचे वॉरंट ते काढू शकतात. हा मार्ग फार कमी वापरला जातो, याचे मला वाईट वाटते. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या मदत क्रमांकावर सांगा.

मोबाईलबद्दल थोडक्यात. गुन्ह्याशी संबंध असल्याच्या संशयावर वस्तू जप्त करता येते, पण त्याचा पंचनामा लागतो, दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. गुन्हाच नोंदला नसेल तर फोन "जमा करून" घेण्याला आधार नाही. परत घेताना आत काय उघडले गेले ते पाहा आणि त्याच दिवशी तक्रारीत लिहा. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. पण गुन्हा नसताना तो प्रश्नच उद्भवत नाही.

आता ३७.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१) शस्त्रे, लाठ्या, दगड, प्रतिमा किंवा पुतळ्यांचे प्रदर्शन, प्रक्षोभक घोषणा आणि भाषणे यांना मनाई करण्याचा अधिकार देते. ३७(३) जमाव आणि मिरवणुकीला मनाई करण्याचा. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे हे आदेश जिल्हा दंडाधिकारी किंवा अपर जिल्हा दंडाधिकारी यांच्या सहीने, जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतात. ३७(३) च्या आदेशाला कायद्यानेच मर्यादा घातली आहे: राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून अधिक नाही. ही मर्यादा घालण्यामागे उघड हेतू आहे. जमावबंदी हा आणीबाणीचा उपाय असावा, नेहमीचा नसावा.

पण आदेश संपतो त्या दिवशी दुसरा निघत राहिला तर? वर्षाला चोवीस-पंचवीस आदेश काढले की बारा महिने जमावबंदी होते आणि प्रत्येक आदेश स्वतंत्रपणे पाहिला तर पंधरा दिवसांच्या आतलाच दिसतो. कारणेही ठरून गेलेली असतात: सण, उत्सव, जयंत्या, निवडणुका, विविध पक्ष-संघटनांची आंदोलने. हे वाचून क्षणभर थांबा. आंदोलने होतात, हेच आंदोलनांना मनाई करण्याचे कारण म्हणून दिलेले असते. नागरिकाने बोलणे हाच धोका मानला, तर अनुच्छेद १९ उरतोच कुठे?

न्यायालयांनी याबद्दल स्पष्ट भाषा वापरली आहे. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जमावबंदीच्या कलम १४४ (आताचे १६३) बद्दल सांगितले, की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, त्यांत ठोस कारणे हवीत, उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा, आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. तो निकाल ३७ वर नव्हता, पण तर्क तोच लागू पडतो. आणि ३७ वरच हवा असेल तर फेब्रुवारी २०२० चा औरंगाबाद खंडपीठाचा इफ्तेखार शेख निकाल वाचा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात लोकांना नागरिकत्व कायद्याविरुद्ध शांततेने बसायचे होते, ३७ चा आदेश दाखवून परवानगी नाकारली गेली. खंडपीठाने तो आदेश आणि तो नकार, दोन्ही रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असेही बजावले. तो द्विसदस्यीय खंडपीठाचा निकाल असल्याने कोल्हापुरातही तो तितक्याच वजनाने मांडता येतो. त्याआधी, १९७३ च्या अहवालात छापलेल्या हिम्मतलाल शहा प्रकरणात, याच पोलीस कायद्याखालचा अहमदाबादचा एक नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. रस्त्यावरच्या सभेला परवानगी द्यायची की नाही हे कोणत्याही निकषाशिवाय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले होते, म्हणून.

आणखी एक भेद लक्षात ठेवा, कारण ३७(३) चा अधिकार "सार्वजनिक सुव्यवस्था" राखण्यासाठी आहे. राम मनोहर लोहिया प्रकरणात १९६५ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे सांगितली: सर्वांत मोठे कायदा आणि सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. दसरा चौकात पन्नास शेतकरी घोषणा देत उभे राहिले आणि वाहतूक थोडी मंदावली, तर तो फार तर बाहेरच्या वर्तुळातला विषय आहे. आतल्या वर्तुळाचे हत्यार तिथे उगारता येत नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. जिल्ह्यात तणाव खरा असतो तेव्हा जमावबंदी आवश्यक ठरते. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात जो हिंसाचार झाला तो सगळ्यांनी पाहिला आहे, त्या दिवशी इंटरनेटही बंद झाले होते. अशा वेळी दोन दिवसांचा, ठरावीक भागापुरता आदेश मी चुकीचा म्हणणार नाही. आक्षेप आहे तो कारण संपल्यावरही चालू राहणाऱ्या, बाराही तालुक्यांना सरसकट लागू असणाऱ्या आदेशाला.

म्हणून "३७ लागू आहे" असे कुणी म्हटले की आदेशाची प्रत मागा आणि तीत चार गोष्टी पाहा: सही कुणाची, कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणता भाग, आणि अपवाद कोणते. अपवादाचा परिच्छेद नीट वाचा. लग्न, अंत्ययात्रा आणि परवानगी घेतलेले कार्यक्रम बहुधा वगळलेले असतात. म्हणजे आदेश असूनही परवानगी मागता येते. आदेशाची मुदत आदल्या रात्रीच संपलेली असणे आणि नवा आदेश अजून निघालेला नसणे, हेही घडते. आदेश मोडल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या १८८ खाली लावला असेल, तर आणखी एक मुद्दा आहे. ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची, किंवा त्याच्या वरिष्ठाची, लेखी फिर्याद असल्याशिवाय न्यायालयाला त्याची दखल घेता येत नाही. नुसत्या पोलीस दोषारोपपत्रावर उभी असलेली अशी प्रकरणे टिकत नाहीत.

पुढच्या वेळी काय करायचे, तर सगळे गणित दिवसांचे आहे. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी अर्ज केला, तर आदल्या रात्री नऊला नकार हातात पडतो आणि न्यायालय गाठायला वेळ उरत नाही. किमान दहा दिवस आधी अर्ज द्या. त्यात जागा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, मार्ग, स्वयंसेवकांची नावे आणि फोन, आणि ध्वनिक्षेपक लावणार की नाही हे लिहा. जागा महापालिकेची असेल तर त्यांचा ना-हरकत दाखला वेगळा लागतो. ध्वनिक्षेपकाचा परवानाही वेगळा. अर्जात दोन पर्यायी जागा द्या. बिंदू चौक नको असेल तर दसरा चौक, तोही नको असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची एक बाजू. यामुळे "जागा सोयीची नाही" हे एका ओळीचे नकाराचे कारण संपते. शाहीनबागेच्या निकालात, २०२० मध्ये, रस्ता बेमुदत अडवता येत नाही असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले आहे, तेव्हा वेळेची मर्यादा आपणहून लिहिणे शहाणपणाचे. चार दिवसांत उत्तर नाही आले तर स्मरणपत्र द्या: "अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवावा, नाकारायचे असल्यास कारणांसह लेखी कळवावे." न मिळालेले उत्तरही मग याचिकेत कामाला येते.

नकार आला, तर आता मुंबईला धावायची गरज नाही. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. चाळीस वर्षांहून जास्त काळ इथल्या लोकांनी आणि वकिलांनी ज्यासाठी आंदोलने केली ते न्यायालय अशाच कामांसाठी हवे होते. अनुच्छेद २२६ खालच्या याचिकेला लागणारे कागद हेच: अर्जाची शिक्का मारलेली प्रत, स्मरणपत्र, नकार, ३७ चा आदेश, १६८ ची नोटीस आणि तुमचे उत्तर. हे सहा कागद क्रमाने लावलेले असतील तर वकिलाचे निम्मे काम झालेले असते आणि तातडीची सुनावणी मागता येते.

मध्येच "चॅप्टर केस"चे कागद आले तर वेगळी काळजी घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून शांतता राखण्याचे बंधपत्र मागू शकतात. आधी कलम १३० चा लेखी आदेश द्यावा लागतो आणि त्यात मिळालेल्या माहितीचा सारांश, रक्कम आणि मुदत हवी. "सही करा आणि घरी जा" म्हटले म्हणून सही करू नका. बंधपत्र दिले की वर्षभर प्रत्येक आंदोलनात ते मोडल्याची टांगती तलवार राहते. वकील द्या, उत्तर द्या, चौकशी मागा. ती सहा महिन्यांत पूर्ण व्हावी लागते.

आता झालेल्या प्रकाराकडे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून एक वर्ष मिळते. पोलीस तक्रार प्राधिकरण आपल्यासाठी पुणे विभागाचे आहे. भरपाईची मागणी उच्च न्यायालयात करता येते. खासगी फिर्यादीचा रस्ताही आहे, पण सरकारी मंजुरीच्या अडचणीमुळे तो लांबचा पडतो, मी तो पहिला सुचवणार नाही. या सगळ्याच्या आधी पुरावा गोळा करा, नाहीतर यांतले काहीच उभे राहणार नाही.

त्यासाठी माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दच चालतात, म्हणून ते वेगवेगळे ठेवा. पहिला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला: गेल्या बारा महिन्यांत ३७ खाली काढलेले सर्व आदेश, आणि प्रत्येक आदेशामागचा पोलीस अधीक्षकांचा प्रस्ताव. प्रस्तावांचा मजकूर शब्दशः सारखा आणि फक्त तारखा बदललेल्या निघाल्या, तर आदेश विचार न करता काढले गेले हे दाखवायला दुसरे काही लागणार नाही. दुसरा अधीक्षक कार्यालयाला: त्या दिवशीच्या त्या ठाण्याच्या स्टेशन डायरीच्या नोंदींची प्रत. "तपासाला बाधा येईल" म्हणून नाकारले, तर पहिल्या अपिलात विचारा, की गुन्हाच नोंद नसताना तपास कशाचा.

सीसीटीव्हीसाठी मात्र माहिती अधिकाराच्या तीस दिवसांची वाट पाहू नका. परमवीर सिंग सैनी निकालात, २ डिसेंबर २०२० ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रीकरण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपायला सांगितले. व्यवहारात "यंत्र बंद होते" हे उत्तर उशिरा विचारणाऱ्याला मिळते. उद्या सकाळीच ठाण्याला आणि अधीक्षकांना एक पत्र द्या. मजकूर एवढाच पुरे:

"दिनांक अमुक रोजी सकाळी ६ ते सायंकाळी ५ या वेळेत मला आपल्या पोलीस ठाण्यात बसवून ठेवण्यात आले होते. या वेळेतील प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष व व्हरांडा येथील सीसीटीव्ही चित्रीकरण मला न्यायालयात सादर करावयाचे आहे. ते जतन करावे, पुसले जाऊ देऊ नये, व जतन केल्याचे मला लेखी कळवावे. चित्रीकरण उपलब्ध नसल्यास यंत्र कोणत्या तारखेपासून बंद आहे व त्याबाबत वरिष्ठांना केव्हा कळवले, त्याची नोंद द्यावी."